एस्टर कुठे तुटतो, कोण तोडतो: औषधांच्या अभ्यासकांसाठी एस्टरेज एन्झाइमचा मार्गदर्शक

नाशिकमधल्या कुठल्याही मेडिकल दुकानात रक्तदाब आणि हृदयविकाराच्या गोळ्यांचा कप्पा पाहा. रामिप्रिल, ऑल्मेसार्टन मेडॉक्सोमिल, डॅबिगाट्रान एटेक्सिलेट, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन. या प्रत्येकाच्या रेणूत किमान एक एस्टर बंध, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांना जोडणारा बंध आहे. पहिल्या तिघांचा एस्टर तुटला नाही तर औषध कामच करत नाही. क्लोपिडोग्रेलचा तुटला की तेवढं औषध वाया जातं. ॲस्पिरिनला आपलं काम तो तुटायच्या आत उरकावं लागतं. तरीही औषधांच्या चयापचयाचा विषय निघाला की वर्गात सायटोक्रोम पी४५० या एन्झाइमांच्या गटावर तास खर्च होतात आणि एस्टरेजच्या, म्हणजे एस्टर तोडणाऱ्या एन्झाइमांच्या वाट्याला जेमतेम एक पान येतं.

एम. फार्म. करणारे विद्यार्थी आणि सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत संशोधन किंवा विश्लेषण विभागात नुकतेच रुजू झालेले तरुण सहकारी यांच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: रेणूला एस्टर जोडायचा तर तो कुठे, केव्हा आणि कोणत्या एन्झाइमच्या हातून तुटणार हे आधी ठरलेलं असावं. हे न ठरवता जोडलेला एस्टर पुढे माणसांवरच्या चाचणीत गोंधळ घालतो. नाशिककरांना हा विषय कळायला हवा याचं आणखी एक कारण आपल्या द्राक्षपट्ट्यात आहे. त्याकडे शेवटी येतो.

पायरी १: रेणू काढा आणि एस्टरचे दोन भाग करा

कागदावर रेणूची रचना काढा. जिथे जिथे एस्टर, थायोएस्टर, कार्बोनेट, कार्बामेट किंवा अमाइड दिसेल तिथे खूण करा. मग प्रत्येक एस्टरच्या कार्बोनिल आणि ऑक्सिजनच्या मधून एक रेघ मारा. एका बाजूला आम्लाचा भाग उरतो, दुसऱ्या बाजूला अल्कोहोलचा. आता बघायचं एवढंच, की यातला मोठा कोणता.

माणसात औषधं तोडणारी मुख्य कार्बॉक्सिलएस्टरेज दोन: सीईएस-१ आणि सीईएस-२. आम्लाचा भाग मोठा आणि अल्कोहोलचा लहान असेल, तर काम बहुधा सीईएस-१ करतं. उलट असेल, म्हणजे आम्ल लहान आणि अल्कोहोल मोठं, तर सीईएस-२. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर घ्या. अल्कोहोलच्या बाजूला फक्त इथेनॉल आणि आम्लाच्या बाजूला बाकी सगळा रेणू, म्हणून सीईएस-१. एनालाप्रिल, रामिप्रिल आणि मिथाइलफेनिडेटचंही तसंच. ॲस्पिरिनमध्ये आम्लाचा भाग म्हणजे नुसता ॲसिटिल, त्यामुळे ते सीईएस-२ कडे झुकतं.

हा नियम शिकायला कोकेनइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्याच्या एकाच रेणूत दोन एस्टर आहेत. मिथाइल एस्टर सीईएस-१ तोडतं आणि बेन्झॉइलएक्गोनिन तयार होतं. लघवीच्या तपासणीत शोधतात ते हेच. बेन्झॉइल एस्टर सीईएस-२ आणि रक्तातलं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज तोडतात, आणि त्यातून एक्गोनिन मिथाइल एस्टर मिळतं. रेणू तोच, पण कोणती बाजू लहान आहे यावर एन्झाइम बदलतं.

या पसंतीचं कारण एन्झाइमच्या आकारात आहे. २००३ साली सीईएस-१ ची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा सक्रिय स्थानाच्या एका बाजूला मोठी, लवचीक पोकळी आणि दुसऱ्या बाजूला लहान, ताठर पोकळी दिसली. लहान अल्कोहोल ताठर पोकळीत बसतं, मोठं आम्ल लवचीक पोकळीत सामावतं.

नियम अर्थातच सैल आहे. मायकोफेनोलेट मोफेटिल दोघंही तोडतात. डॅबिगाट्रान एटेक्सिलेटमध्ये कार्बामेट आणि इथाइल एस्टर असे दोन्ही आहेत: कार्बामेट आतड्यातलं सीईएस-२ काढतं, इथाइल एस्टर यकृतातलं सीईएस-१. ऑल्मेसार्टन मेडॉक्सोमिल तर या दोघांकडे फारसं जातच नाही. त्याचं काम प्रामुख्याने सीएमबीएल नावाचं वेगळंच एन्झाइम करतं. म्हणून कागदावरचा अंदाज हा अंदाज म्हणूनच घ्यावा आणि प्रयोगशाळेत तपासावा.

पायरी २: कोणतं एन्झाइम कोणत्या अवयवात आहे ते पक्कं करा

सीईएस-१ यकृतात भरपूर असतं, फुफ्फुसातही असतं, पण लहान आतड्यात जवळजवळ नसतं. यकृतातल्या कार्बॉक्सिलएस्टरेजमध्ये त्याचाच वाटा सर्वांत मोठा. सीईएस-२ लहान आतड्यात आणि मूत्रपिंडात ठळक, यकृतात त्यामानाने कमी. दोन्ही पेशीच्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या आतल्या बाजूला राहतात, म्हणून प्रयोगासाठी मायक्रोसोम, म्हणजे पेशी फोडून वेगळे केलेले याच पडद्यांचे बारीक तुकडे, उपयोगी पडतात. यकृत आणि आतड्यात ॲरिलॲसिटामाइड डीॲसिटिलेज, संक्षेपात एएडीएसी, हेही असतं. फेनासेटिन, फ्लुटामाइड आणि क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन तेच तोडतं. क्षयरोगाचे एवढे रुग्ण असलेल्या आपल्या देशात या एन्झाइमकडे इतकं कमी लक्ष जावं याचं मला वाईट वाटतं.

रक्तद्रवात ब्युटिरिलकोलिनएस्टरेज, एचडीएल या चरबीवाहक कणांना चिकटलेलं पॅराऑक्सोनेज-१ आणि अल्ब्युमिनची स्वतःची सौम्य एस्टरेज क्रिया असते. माणसाच्या रक्तद्रवात कार्बॉक्सिलएस्टरेज मात्र नसतं. हे वाक्य वहीत अधोरेखित करा, पुढे ते दोनदा लागणार आहे. लाल पेशींच्या आत आणखी काही एस्टरेज असतात. एस्मोलॉल त्यांच्याकडूनच तुटतं.

यातल्या बहुतेकांची काम करण्याची पद्धत एकच. सक्रिय स्थानात सेरीन, हिस्टिडीन आणि ग्लुटामेट हे त्रिकूट असतं. सेरीनचा ऑक्सिजन एस्टरच्या कार्बोनिलवर हल्ला करतो, अल्कोहोल सुटून जातं आणि आम्लाचा भाग काही काळ सेरीनलाच जोडलेला राहतो. मग पाण्याचा रेणू येऊन तो सोडवतो आणि एन्झाइम पुन्हा मोकळं होतं. पाण्याऐवजी तिथे इथेनॉल आलं तर आम्लाचा नवाच एस्टर तयार होतो. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्याने दारू प्यायली की शरीरात इथाइलफेनिडेट बनतं. कोकेन आणि दारू एकत्र आल्यास कोकाइथिलीन बनतं. दोन्ही ठिकाणी सीईएस-१ च काम करत असतं.

पॅराऑक्सोनेज या गटातलं नाही. त्याला सेरीन नाही, कॅल्शियम लागतं. ऑर्गॅनोफॉस्फेटांना, म्हणजे फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांसारख्या विषांना तोडणारी ती ए-एस्टरेज आणि त्यांच्याकडून बंद पडणारी ती बी-एस्टरेज, ही विभागणी ऑल्ड्रिज यांनी १९५३ मध्ये केली. ती आजही उपयोगी आहे.

पायरी ३: प्रयोगशाळेत एन्झाइम ओळखा

सुरुवात नेहमी नुसत्या बफरने करा. ७.४ पीएच, ३७ अंश, एन्झाइम काहीच नाही. तुमचा एस्टर इथेच तुटत असेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांतून हा वेग वजा करावा लागेल. ही साधी नळी वगळल्याने अनेकांचे निष्कर्ष चुकतात. ज्या दिवशी मुख्य प्रयोग, त्याच दिवशी ही नळीही ठेवावी.

मग माणसाच्या यकृताचे मायक्रोसोम, आतड्याचे मायक्रोसोम आणि रक्तद्रव यांत औषध किती वेगाने कमी होतं ते पाहा. इथे एनएडीपीएच मुद्दाम घालायचं नाही. सायटोक्रोमना ते लागतं, एस्टरेजना लागत नाही. एनएडीपीएच नसतानाही औषध नाहीसं होत असेल, तर हायड्रॉलिसिसचा संशय बळावतो. फक्त औषध कमी होणं मोजून थांबू नका. त्यातून बनणारं आम्लही मोजा. दोन्हींची बेरीज सुरुवातीच्या प्रमाणाशी जुळली तरच गोष्ट पूर्ण झाली.

कार्बनी द्रावकाचं प्रमाण शक्यतो १ टक्क्याच्या आत ठेवा, कारण बहुतेक द्रावकं एस्टरेजना मंद करतात. मिथेनॉल तर टाळाच. आताच पाहिलं तसं, पाण्याच्या जागी तेच शिरून मिथाइल एस्टर तयार करू शकतं. क्रिया थांबवायला थंडगार ॲसिटोनाइट्राइल, त्यात थोडं फॉर्मिक आम्ल.

पॅरा-नायट्रोफेनिल ॲसिटेट हा सर्वांच्या परिचयाचा चाचणी पदार्थ. तुटला की पिवळा रंग येतो आणि ४०५ नॅनोमीटरला मोजता येतो. पण त्याला जवळपास प्रत्येक एस्टरेज तोडतं. तुमचे मायक्रोसोम जिवंत आहेत एवढंच त्यावरून कळेल, त्यात कोण काम करतंय हे कळणार नाही. त्यासाठी सीईएस-१ ला ओसेल्टामिव्हिर किंवा एनालाप्रिल, सीईएस-२ ला इरिनोटेकान, एएडीएसीला फेनासेटिन असे जरा निवडक पदार्थ सोबत चालवावेत.

यकृतात वेगाने आणि आतड्यात अगदी सावकाश, तर सीईएस-१. आतड्यात जोरात, तर सीईएस-२ किंवा एएडीएसी. यानंतर प्रत्येक एन्झाइम वेगवेगळं घेऊन, म्हणजे जनुकावरून प्रयोगशाळेत बनवलेल्या रिकॉम्बिनंट स्वरूपात, तेच औषध तपासा. शेवटी अवरोधक वापरा. बिस-पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट दोन्ही कार्बॉक्सिलएस्टरेज बंद पाडतं. जुलाबावर देतात ते लोपेरामाइड सीईएस-२ ला अडवतं, सीईएस-१ ला फारसं नाही. टेल्मिसार्टनही सीईएस-२ वर चालतं. डिजिटोनिन सीईएस-१ साठी वापरतात. एसरीन सीईएस-२ आणि ब्युटिरिलकोलिनएस्टरेज दोघांनाही रोखतं, म्हणून एकट्या एसरीनवर निष्कर्ष काढू नये. रक्तद्रवात ब्युटिरिलकोलिनएस्टरेजसाठी आयसो-ओएमपीए आणि पॅराऑक्सोनेजसाठी ईडीटीए.

या शेवटच्या नावापाशी थांबा. पॅराऑक्सोनेजला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. रक्तपेढीतला रक्तद्रव सायट्रेटमध्ये असतो, सायट्रेटही तेच करतं. म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीतला किंवा पेढीतला रक्तद्रव घेऊन ‘पॅराऑक्सोनेजचा काही वाटा नाही’ असं लिहिलं, तर ते एन्झाइम आपणच आधी बंद करून ठेवलेलं असतं. अशा तपासणीसाठी हेपरिनच्या नळीतलं रक्त घ्यावं.

अवरोधकांबद्दल एवढंच: सांद्रता वाढवत नेली की सगळेच निवडकपणा सोडतात. रिकॉम्बिनंट एन्झाइम, अवयवांमधला फरक आणि अवरोधक, तिन्ही पुरावे एका दिशेने बोट दाखवत असतील तेव्हाच एन्झाइमचं नाव अहवालात लिहा.

पायरी ४: उंदरावरून माणसाचा अंदाज बांधू नका

उंदीर आणि घुशीच्या जातीच्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या रक्तद्रवात कार्बॉक्सिलएस्टरेज मुबलक असतं, माणसाच्या नसतं. त्यामुळे माणसाच्या रक्तात तासन्‌तास टिकणारा एस्टर उंदरात काही मिनिटांत संपू शकतो आणि चांगला रेणू फाइलबंद होतो. कुत्र्याच्या आतड्यात कार्बॉक्सिलएस्टरेजची क्रिया जवळपास नसतेच, त्यामुळे आतड्यात तुटण्यासाठी बनवलेलं प्रोड्रग, म्हणजे शरीरात तुटल्यावरच सक्रिय होणारं औषध, कुत्र्यात वेगळंच वागतं. रेमडेसिव्हिरचा अभ्यास उंदरात करताना संशोधकांनी रक्तद्रवातलं हे एन्झाइम जनुकीय बदलाने काढून टाकलेले उंदीर वापरले, ते याचमुळे. प्राण्यांवरचा प्रयोग ठरवण्याआधी त्या प्राण्याचा आणि माणसाचा रक्तद्रव, यकृत, आतडं शेजारी शेजारी ठेवून पायरी ३ करून घ्या. आठवड्याभराचं काम आहे, आणि त्याने पुढची महिन्यांची दिशा ठरते.

पायरी ५: नमुना बाटलीतही तुटतो

रक्त काढल्यावर एन्झाइम थांबत नाही. सोडियम फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी, लगेच बर्फ, लवकर सेंट्रिफ्यूज आणि शक्य तिथे रक्तद्रव किंचित आम्लधर्मी करणं, हा साधारण क्रम. नमुना टेबलावर ठेवून अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन तासांनी मोजून दाखवा. विश्लेषण पद्धतीच्या प्रमाणीकरणात हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पायरी ६: आता रचना ठरवा

एस्टर जोडण्याचे हेतू वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाला वेगळं एन्झाइम सोयीचं पडतं.

पहिला हेतू शोषणाचा. एनालाप्रिलॅट किंवा ओसेल्टामिव्हिर कार्बॉक्सिलेट हे खरे कामाचे रेणू, पण त्यांचा विद्युतभारित आम्लगट आतड्याच्या भिंतीतून जाऊ देत नाही. कार्बॉक्सिलेट तोंडाने दिलं तर ५ टक्क्यांहून कमी रक्तात पोचतं. त्यावर इथाइल एस्टर चढवला की तोंडाने दिलेल्या मात्रेचा सुमारे ७५ टक्के भाग कार्बॉक्सिलेट होऊन रक्ताभिसरणात येतो. इथे इथाइलच का, हे आता लक्षात येईल: अल्कोहोल लहान ठेवलं की आतड्यातल्या सीईएस-२ ला ते रुचत नाही. एस्टर शाबूत राहून आतडं ओलांडतो आणि यकृतात सीईएस-१ त्याला मोकळं करतं. आतड्यातच तुटला असता तर पुन्हा तोच विद्युतभारित, न शोषला जाणारा रेणू उरला असता.

दुसरा हेतू नेमका उलटा: औषध लवकर संपावं. निकोलस बोडोर यांनी अशा रेणूंना सॉफ्ट ड्रग म्हटलं. त्यांच्याच विचारातून आलेलं लोटेप्रेडनॉल एटाबोनेट डोळ्यात काम करतं आणि तिथेच निष्क्रिय होतं. एस्मोलॉलचा अर्धायुकाल सुमारे ९ मिनिटं, म्हणून अतिदक्षता विभागात हृदयाची गती क्षणोक्षणी आवरता येते. भुलीत वापरतात त्या वेदनाशामक रेमिफेंटानिलचा मिथाइल एस्टर तुटला की उरणारं आम्ल हजारो पटींनी दुबळं असतं. ही दोन्ही ब्युटिरिलकोलिनएस्टरेजवर अवलंबून नाहीत, त्यामुळे ज्यांच्यात ते एन्झाइम सदोष आहे अशा रुग्णांतही ती वेळेवर संपतात. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेलं रेमिमॅझोलाम हे गुंगी आणणाऱ्या मिडाझोलामच्या जातीचं, पण एस्टर जोडलेलं. त्याला यकृतातलं सीईएस-१ संपवतं.

तिसरा मुद्दा मला सर्वांत शिकवणारा वाटतो: क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल. दोघांचा अंतिम हेतू प्लेटलेटवरचा एकच रिसेप्टर बंद करणं. क्लोपिडोग्रेलचा मिथाइल एस्टर सीईएस-१ तोडून टाकतं आणि सुमारे ८५ टक्के औषध निष्क्रिय आम्ल होऊन जातं. उरलेल्याला सायटोक्रोमच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात, त्यात सीवायपी२सी१९ हे सायटोक्रोम कमकुवत असेल तर परिणाम आणखी घटतो. प्रासुग्रेलमध्ये एस्टर अशा जागी ठेवला, की तो तुटणं हीच सक्रिय होण्याची पहिली पायरी ठरली. ॲसिटिल लहान, अल्कोहोल मोठं, म्हणून आतड्यातलं सीईएस-२ ते काम पटकन करतं आणि मग सायटोक्रोमची एकच पायरी उरते. एस्टरेज क्लोपिडोग्रेलचा शत्रू होता, प्रासुग्रेलचा सहकारी झाला. नव्या रेणूचा आराखडा करणाऱ्याने ही दोन चित्रं टेबलासमोर लावून ठेवावीत.

तुटणं नकोच असेल तर एस्टरच्या जागी अमाइड आणणं हा जुना, खात्रीचा मार्ग. प्रोकेन रक्तात भराभर तुटतं. त्याचंच अमाइड रूप प्रोकेनामाइड टिकतं, म्हणून तोंडाने देता आलं. एस्टरच्या शेजारी फांद्या असलेला कार्बन ठेवून वेग कमी करता येतो. कार्बामेट केला तर आणखी कमी: दम्यावरच्या बाम्ब्युटेरॉलचा कार्बामेट ब्युटिरिलकोलिनएस्टरेज तोडतं, पण तोडताना स्वतःच अडकून पडतं, म्हणून त्यातलं टर्ब्युटालिन सावकाश सुटतं आणि गोळी दिवसातून एकदा पुरते.

एस्टरेज नकोच, दुसरंच कुणी तोडावं असंही ठरवता येतं. एचआयव्हीवरचं टेनोफोव्हिर अलाफेनामाइड रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींत शिरून तिथल्या कॅथेप्सिन-ए कडून मोकळं होतं. यकृतात मात्र सीईएस-१ त्याच्यावर काम करतंच.

तुटून बाहेर पडणाऱ्या तुकड्याचा हिशेबही आधीच मांडा. पिव्हॉक्सिल एस्टरमधून पिव्हॅलिक आम्ल सुटतं आणि ते शरीरातलं कार्निटीन सोबत घेऊन लघवीवाटे जातं. थोडे दिवस चालतं, दीर्घ उपचारात चालत नाही.

पायरी ७: रुग्ण सारखे नसतात

सीईएस-१ मधला जी१४३ई हा बदल २००८ मध्ये मिथाइलफेनिडेटच्या अभ्यासातून समोर आला. १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी ग्लुटामेट येतं आणि एन्झाइमची क्षमता जवळपास नाहीशी होते. अशा व्यक्तीत क्लोपिडोग्रेलचा परिणाम वाढतो, तर ओसेल्टामिव्हिरसारखी प्रोड्रग कमी सक्रिय होतात. एकच दोष, परिणाम उलट दिशांनी. एस्टर कशासाठी जोडला होता त्यावर ते ठरतं.

ब्युटिरिलकोलिनएस्टरेजची कथा याहून जुनी. श्वासनळीत नळी घालताना देतात ते सक्सिनिलकोलिन एरवी ५ ते १० मिनिटांत संपतं. एन्झाइम सदोष असेल तर स्नायू तासन्‌तास शिथिल राहतात आणि रुग्णाला तोवर व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. कॅलो आणि जेनेस्ट यांनी १९५७ मध्ये डिब्युकेन अंकाची पद्धत दिली: डिब्युकेनने एन्झाइम किती टक्के अडतं ते मोजायचं. सर्वसाधारण व्यक्तीत सुमारे ८०, दोन्ही जनुकं असामान्य असतील तर सुमारे २०. दक्षिण भारतातल्या आर्य वैश्य समाजात या एन्झाइमची तीव्र कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते, हे भारतीय भूलतज्ज्ञांना ठाऊक असतं. त्यासाठी कुटुंबातल्या आधीच्या शस्त्रक्रियांची विचारपूस करावी लागते.

आता आपल्या पट्ट्याकडे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत भागात गोडी छाटणीनंतर फवारण्यांचा हंगाम सुरू होतो. क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेटाचं यकृतात ऑक्सॉन रूप होतं आणि ते कोलिनएस्टरेजच्या सेरीनला फॉस्फेट जोडतं. आम्लाचा भाग पाणी लगेच सोडवतं, हा फॉस्फेट सहजासहजी सुटत नाही. उंदराच्या रक्तद्रवातलं कार्बॉक्सिलएस्टरेज विषाचा काही भाग स्वतःवर घेऊन प्राण्याला वाचवतं. माणसाच्या रक्तद्रवात ते नाही, हे पायरी २ मध्ये अधोरेखित केलं होतं. आपल्याकडे पॅराऑक्सोनेज आहे, पण त्याचा वेग माणसामाणसांत खूप वेगळा असतो. म्हणून शेजारच्याला काही झालं नाही, यावरून स्वतःला धोका नाही असं कुणी समजू नये. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फवारणीनंतर लगेच अंघोळ याला पर्याय नाही.

विषबाधेचा संशय असताना रुग्णालयात होणारी सिरम कोलिनएस्टरेजची तपासणी म्हणजे ब्युटिरिलकोलिनएस्टरेजचीच मोजणी. ते खाली गेलं की यकृताने नवं बनवून पातळी पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. त्या काळात शस्त्रक्रियेची वेळ आली तर जन्मजात दोष नसतानाही सक्सिनिलकोलिन लांबतं. बाम्ब्युटेरॉल घेणाऱ्या दमेकऱ्यातही तसंच होऊ शकतं. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी फवारणीचा उल्लेख आपणहून भूलतज्ज्ञांकडे करावा, आणि औषधविक्रेत्याने अशा घरांना तसं सांगावं. भूलतज्ज्ञ मग रोक्युरोनियम निवडू शकतात. त्यात एस्टर आहे, पण त्याचा परिणाम कोलिनएस्टरेजवर अवलंबून नाही, आणि गरज पडल्यास सुगामाडेक्सने तो उलटवता येतो.